आधी कोण जेवणार

आमच्या मिस्टरांच्या कारखान्यात नवी मशीन बसवायला कोरियाहून काही माणसं आली होती. त्यांत एक मुलगी होती, पंचविशीतली, इंजिनिअर. हॉटेलात राहायची आणि तिथलंच खायची. मिस्टर म्हणाले, रविवारी तिला घरी जेवायला बोलावू. मी हो म्हटलं. सासूबाईंनीही मान डोलावली. त्यांना मी आई म्हणते. रविवारी संकष्टी आहे हे आईंना ठाऊक होतं, पण त्या बोलल्या नाहीत. पाहुणी जेवणार, आपण वाढणार, मग आपल्या उपासाचं तिला काय, असं त्यांना वाटलं.

आमची काळजी वेगळीच होती. परदेशातली मुलगी, खाली मांडी घालून कशी बसेल? म्हणून शेजाऱ्यांकडून टेबल-खुर्च्या आणल्या. ती आली, न सांगता दारातच बूट काढले, सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि खुर्ची सोडून सरळ सतरंजीवर बसली. आम्ही टेबलाभोवती उभेच. मग टेबल भिंतीला सरकवलं आणि ताटं खाली मांडली.

भरली वांगी, येसर मसाल्याची आमटी, भात, पोळ्या आणि शेवयांची खीर असा बेत होता. तिने ताट दोन्ही हातांनी घेतलं, समोर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मिस्टरही थांबले, कारण पाहुणीच्या आधी घास कसा घ्यायचा? मला वाटलं, हाताने खायचं कळत नसेल. चमचा आणून दिला. तिने मान लववली आणि चमचा ताटाच्या कडेला ठेवला. मग वाटलं, तिखटाला भीत असेल. दही आणलं. दह्यालाही हात नाही. आमटीवर साय धरायला लागली. मिस्टरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, काही चुकलं का? तिनेही तशाच इंग्रजीत सांगितलं, नाही, सगळं छान आहे. आणि पुन्हा तशीच बसली. तिची नजर मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आईंकडे जात होती.

शेवटी तिने आईंकडे हात करून विचारलं, या जेवणार नाहीत? मिस्टर म्हणाले, आई रात्री जेवतील. तिला ते उमगलं नाही. मग मिस्टरांनी मोबाइलवर मराठीत लिहिलं की आईंचा आज उपास आहे, त्या काही खाणार नाहीत. मोबाइलने ते तिच्या भाषेत बोलून दाखवलं. तिचा चेहरा एकदम उतरला. तिने घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि मोबाइल मराठीत म्हणाला, "आजी का रागावल्या आहेत? माझी चूक झाली असेल तर क्षमा करा."

त्यांच्या भाषेत देवाच्या उपासाला आणि निषेधाच्या उपोषणाला एकच शब्द चालतो, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की पोरगी उठली, आईंसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने जमिनीला डोकं टेकवलं.

आईंना वाटलं, पाया पडतेय. त्यांनी डोक्यावर हात ठेवून, सुखी राहा, म्हटलं. पण ती उठेना.

"ही उठत का नाय गं?" आईंनी मला विचारलं.

तेवढ्यात मिस्टरांना आठवलं की कँटीनमध्ये कोरियाच्या माणसांतले वयस्कर साहेब चमचा उचलत नाहीत तोवर बाकीचे घास घेत नाहीत. घरात सगळ्यांत मोठं माणूस आधी जेवतं, अशी त्यांची रीत असावी.

"म्हंजी माझ्यापायी लेकरू उपाशी बसलंय व्हय?" आई म्हणाल्या.

त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, केळं आण. मी जागची हलले नाही. चंद्रोदयाआधी आईंच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, चंद्र निघायचाय अजून."

"मला कळतंय. तू आण."

आई तिच्यासमोर सतरंजीवर बसल्या आणि केळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. तो गिळेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने पोळी मोडली. वांगं खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागितलं. आईंचा हात थांबला की तिचाही थांबायचा. हे लक्षात आल्यावर आई ते एकच केळं पुरवून पुरवून खायला लागल्या.

आता सुरळीत चाललंय म्हणून मी गरम पोळी वाढायला गेले, तर तिने माझ्याकडे बघून सतरंजीवर हाताने थोपटलं. बस, म्हणत होती. मी बसले तर पोळ्या कोण करणार? आई म्हणाल्या, तू बस, मी टाकते. त्या उठल्या तशी पाहुणीही उठली, मोठं माणूस उठलं म्हणून. ती उठली म्हणून मिस्टर उठले. सगळे उभे आणि ताटं खाली. अखेर मी गॅस बंद केला, पोळ्यांचा डबा, आमटीचं पातेलं सगळं मध्ये आणून ठेवलं आणि चौघं गोल करून बसलो. मिस्टरांच्या पंगतीला, पाहुणीसमोर, मी पहिल्यांदाच जेवत होते. आमटीला चव होती की नव्हती, आठवत नाही. कुणाला काय हवंय, हेच बघत होते.

ती गेल्यावर आईंनी मला विचारलं, "माझा उपास मोडला का राह्यला?"

तू शिकलेली आहेस, तूच सांग, असा त्यांचा सूर होता. केळं उपासाला चालतं, मी म्हटलं. "मला कुठं चालतंय?" त्या म्हणाल्या, आणि तरी चंद्राची वाट बघत राहिल्या. मिस्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, देवालाच ठाऊक.

महिन्याभराने ती मुलगी मायदेशी गेली. आमच्याकडच्या रीतीबद्दल तिचा काय समज झाला, ते विचारायचं राहून गेलं.

त्या जेवणानंतरच्याच रविवारी मी मिस्टरांना ताट वाढलं, तर ते नुसतेच बसून. काय हवंय, विचारलं. काही नाही, ये, म्हणाले. मला थट्टा वाटली. आई आपल्या ताटावरून म्हणाल्या, "बस की. गार व्हतंय." मी बसले. मग मिठासाठी उठले, मग पाण्यासाठी. मी उठले की मिस्टर हात आवरतात, त्यांनी हात आवरला की आईही थांबतात आणि, काय झालं रे, म्हणून विचारतात. आधी कोणी घास घ्यायचा, हे आमच्या घरात सध्या कुणालाच नक्की ठाऊक नाही.