पलंग कोणत्या बाजूने गेला

निवृत्तीनंतर नित्य सत्संग घडावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती पूर्ण झाली. मात्र तो सत्संग पुलगावातील एका बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर घडेल आणि त्यात एक लठ्ठ व एक हडकुळा असे दोन विदेशी गृहस्थ आराध्याच्या जागी असतील, हे माझ्या कल्पनेत नव्हते.

दर शनिवारी दुपारी आम्ही तिघे म्हातारे जमतो. मी शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. सकाळची पूजा आणि थोडे वाचन झाले की माझा दिवस मोकळा असतो. ज्यांच्या घरी जमतो ते भाऊ लष्कराच्या डेपोत भांडार सांभाळून निवृत्त झाले. तिसरा माझा बालमित्र. देवळी तालुक्यातील आमच्या लहानशा गावात आम्ही एकाच वर्गात शिकलो. तो पुढे नायब तहसीलदार झाला, म्हणून भाऊ त्याला साहेब म्हणतात. मी त्याला अरे-तुरेच करतो, आणि तो मला, थट्टेची लहर आली की, गुरुजी म्हणतो.

त्या जोडीचे चित्रपट कृष्णधवल आहेत. त्यांत बोलणे थोडे, पडणे-धडपडणे पुष्कळ. पण आमचा वाद विनोदावर कधीच होत नसे. तो होई प्रतींवर. भाऊंकडे एकाच चित्रपटाच्या तीन प्रती आहेत. पहिली वर्ध्याला फुटपाथवर घेतलेली सीडी. तिच्यात माणसांचे चेहरे तांदळाच्या दाण्यांनी रांगोळी काढल्यासारखे दिसतात. दुसरी डीव्हीडी, बरी. तिसरी मुलाने मुंबईहून पाठवलेली, जुन्या फिल्मवरचे ओरखडे आणि डाग यंत्राने पुसून काढलेली.

"पाहा, कोटाचं एकेक सूत दिसून राह्यलं," भाऊ अभिमानाने म्हणत.

"सूत दिसते, पण तोंडावरच्या सुरकुत्या कुठं गेल्या?" माझा मित्र विचारी. "यायले काय क्रीम लावून बसवलं?"

मला हा वाद परका वाटला नाही. जुन्या हस्तलिखितांच्या बाबतीत आम्ही संस्कृतवाले हेच करीत आलो. लेखनिकाने केलेली चूक दुरुस्त करावी, हे योग्य; पण दुरुस्ती करणाऱ्याला मूळ ग्रंथकारापेक्षा आपणच शहाणे आहोत असे वाटू लागले की ग्रंथ बिघडतो. म्हणून मी मधल्या प्रतीच्या बाजूने बोलत असे, आणि दोघेही माझ्यावर रागावत. एकदा भाऊंनी नवा रुंद टीव्ही आणला आणि चित्र दोन्ही बाजूंनी ताणले गेले. हडकुळा गृहस्थ अंगाने भरलेला दिसू लागला.

"याले कोन जेवू घातलं रे?" मित्र म्हणाला. भाऊंनी रिमोटवरची सगळी बटणे दाबून पाहिली, तेव्हा कुठे तो बिचारा पुन्हा उपाशी झाला.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही पलंगाचा चित्रपट लावला. दोघे हमाल एका बाईच्या घरी भलामोठा पलंग पोचवायला येतात. दाराने आत शिरतात, खोलीत फिरताना गोंधळतात आणि समोरच्या खिडकीतून पलंगासकट बाहेर पडतात. बाई आत रिकाम्या जागेकडे पाहत उभी राहते. पडद्यावर दार डावीकडे आहे, खिडकी उजवीकडे.

मित्र एकाएकी म्हणाला, "हे उलटं हाय."

"काय उलटं?" भाऊंनी विचारले.

"पलंग उजव्या अंगाने आत येते आणि डाव्या अंगाने बाहेर जाते. मी पाह्यला नाई का लहानपणी? साफ करता करता यायनं चित्रच उलटवून टाकलं."

भाऊंना आपल्या प्रतीवरचा आरोप सहन झाला नाही. त्यांनी डीव्हीडी लावली. पलंग डावीकडून उजवीकडे. सीडी लावली. त्या तांदळाच्या रांगोळीतूनही पलंग डावीकडूनच आला.

"आता बोला साहेब. तिन्ही खोट्या अन् तुमी एकटे खरे?"

"मीच खरा," तो म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. चहा न घेताच तो उठला.

मला कारण ठाऊक होते. त्याचा सख्खा थोरला भाऊ अखेरच्या काळात आपल्या मुलांना ओळखेनासा झाला होता. मित्र एकटाच राहतो. पत्नी जाऊन काही वर्षे झाली. दिवाळीनंतर एकदा त्याने दूध गॅसवर ठेवले आणि बाहेर पडला. शेजाऱ्यांनी धूर पाहून दार उघडले. नागपूरला असलेली त्याची मुलगी तेव्हापासून म्हणत होती, "बाबा, आता तुम्ही माझ्याकडे चला. हे घर बंद करा." तिचे चुकत नव्हते. तोही तिला नाही म्हणत नव्हता, फक्त दिवस पुढे ढकलीत होता. ती पुढच्या रविवारी निर्णय घ्यायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. मी नुकताच देवघरातून उठलो होतो.

"गुरुजी, खरं सांगजो. पलंग कोणत्या बाजूने गेला?"

"डावीकडून उजवीकडे. मलाही तसाच आठवतो."

तो खुर्चीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मले काल काय जेवलो हे आठवत नाई, त्याचं मले काई वाटत नाई. पण ते चित्र माह्या डोळ्यासमोर जसंच्या तसं उभं हाय. तेच खोटं असन, तर मंग माह्याजवळ खरं काय राह्यलं? पोरगी म्हणते तेच बरोबर. मी जातो नागपूरले."

 हस्तलिखिते तपासण्यासाठी आम्हाला शिकवलेली एकच रीत माझ्याजवळ होती. सर्व प्रती एक पाठ देतात आणि एक साक्षीदार वेगळा पाठ देतो, तेव्हा त्या साक्षीदाराला खोटे म्हणण्यापूर्वी त्याची सगळी साक्ष ऐकावी. मी म्हणालो, "पलंगाचे राहू दे. त्या संध्याकाळचे सगळे सांग. मधे काही गाळू नकोस."

तो सांगू लागला. प्रचाराची सरकारी गाडी यायची, ते मला आठवत होतेच. आधी शेतीखताची फिल्म, मग कुटुंबनियोजनाची, आणि शेवटी लोक उठून जाऊ नयेत म्हणून या दोघांची. दोन बांबूंना पांढरे कापड ताणून बांधत.

"मायच्या मांडीवर बसलो होतो," तो म्हणाला. "वारा आला की कापड आमच्याकडं फुगे. मंग त्या लठ्ठ्याचं पोट अजून मोठं होये. आमी हसून हसून लोळलो. अन् मशीनचा उजेड कापडातून सरळ डोळ्यात घुसे. माय पदर आडवा धरे. अन् कापडाच्या वर मारुतीच्या देवळाचा कळस दिसे, काळा काळा."

"कळस दिसे?" मी विचारले.

"हो. पडद्याच्या बराबर वर."

 आमच्या गावचे मारुतीचे देऊळ मी डोळ्यांपुढे आणले. गाडी देवळाजवळ उभी राही. आम्ही पारावर आणि पाराखाली बसत असू. माझे वडील, शाळेचे मास्तर, गावातली इतर मंडळी. देऊळ आमच्या पाठीशी असे. चित्रपट पाहताना मला कळस कधी दिसलाच नव्हता. तो दिसायला मान मागे वळवावी लागली असती.

कापडाच्या पलीकडे, रस्त्याच्या अंगाला, माझ्या मित्राच्या वस्तीतली माणसे बसत. तिथेच बसत. कोणी कोणाला तिकडे बसा असे म्हणत नसे, कारण म्हणण्याची गरजच पडत नव्हती. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म स्वीकारून तेव्हा काही वर्षे झाली होती. गावाची बसण्याची रीत मात्र जागची हलली नव्हती.

त्याचे उत्तर माझ्या हाती आले होते, पण ते उच्चारणे मला जड गेले. साठ वर्षांच्या मैत्रीत आम्ही राजकारण बोललो, आजार बोललो, मुलांची लग्ने बोललो. तो पडदा आणि त्याच्या दोन बाजू मात्र आमच्या बोलण्यात कधी आल्या नव्हत्या. मी बोललो नाही तर तो स्वतःला भ्रमिष्ट ठरवून घर बंद करणार होता. म्हणून बोललो.

"तू पडद्याच्या मागे बसला होतास."

त्याने माझ्याकडे पाहिले. "हो. मंग?"

"मागून पाहिले की डावे ते उजवे दिसते."

 त्याने उजवा हात हवेत धरला, मग डावा, आणि जणू त्या दोन हातांमधून एक पलंग नेऊन पाहिला. मग तो हसू लागला. इतका हसला की माझी पत्नी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, काय झालं?"

"काई नाई वहिनी. मी पागल नाई, एवढंच झालं."

पाणी पिऊन तो शांत झाला आणि मग जे म्हणाला ते मी अद्याप मनात घोळवतो. "मागं बसलो होतो, हे ठाऊक होतं मले. पण ते मागं होय, असं कधी वाटलंच नाई. आमच्यासाठी तेच समोर होतं. फिलमच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत असती तर समजलं असतं. पण इंग्रजी कोणाले येत होतं तवा? उलटी काय अन् सुलटी काय."

पुढच्या रविवारी त्याची मुलगी आली. ती एका महाविद्यालयात शिकवते. स्वभावाने नेमकी, वडिलांसारखीच. भाऊंच्या घरी आम्ही सगळे जमलो. भाऊंनी तो चित्रपट आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. आम्ही तिला सारे सांगितले. ती ऐकून घेत होती, पण म्हाताऱ्यांनी मिळून एक सोयीची कथा रचली आहे, असा संशय तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

"काका, हे तपासता येतं," ती मला म्हणाली. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि कुठलीशी खूण दाबून चित्र आरशात पाहावे तसे फिरवले. "बाबा, तुम्ही स्क्रीनकडे बघू नका. आधी मला सांगा. खिडकीतून बाहेर पडताना कोण आधी पडतो?"

"रोड्या. त्याची टोपी आतच राह्यते. लठ्ठ्या पलंगावर बसूनच बाहेर येते. अन् खिडकीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, एक कुत्रं झोपून हाय. ते उठतबी नाई."

कुत्रे मला आठवत नव्हते. भाऊंनाही नव्हते; आम्ही तो चित्रपट कितीदा पाहिला असेल, पण आमचे डोळे नेहमी पलंगावर असत. तिने चित्र सुरू केले. दाराजवळच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उलटी दिसत होती. पलंग उजवीकडून आत आला, खोलीत फिरला आणि डावीकडच्या खिडकीतून बाहेर गेला. हडकुळा आधी पडला. टोपी आत राहिली. आणि डाव्या कोपऱ्यात एक कुत्रे झोपले होते. ते उठले नाही.

"हाच," मित्र हळूच म्हणाला. "हाच पलंग."

मी तो प्रसंग माझ्या बाजूने इतका पाठ केला होता की मला चुकल्यासारखे झाले. जिथे पाहायचे तिथे माझी नजर आधी पोचेना. मित्र हसला आणि त्यानंतर क्षणभराने मला हसू आले. त्याच्या बाजूने पाहायला मला अजून सवय नव्हती.

मुलीने लॅपटॉप मिटला. "बाबा, तुम्ही पडद्यामागे बसायचात, हे मला कधी सांगितलं नाहीत."

"हसायची गोष्ट होती बाई ते. तुले पलंगाची गोष्ट किती वेळा सांगतली मी. कुठं बसलो होतो, ते कोण सांगते?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. स्मरणशक्ती चांगली आहे, हे मान्य. पण दूध ठेवून बाहेर गेलात, तेही खरं आहे. एकदा डॉक्टरांना दाखवायचं. आणि घरात गॅस नको."

"मंग चहा कशावर करू?"

"विजेची शेगडी आणते. भांडं ठेवून विसरलात, तर ती आपोआप बंद होते."

"अन् नागपूर?"

"तुमची इच्छा होईल तेव्हा. घर राहू द्या."

तिने त्याच दुपारी बाजारातून शेगडी आणली. मित्राने पहिला चहा स्वतः केला, मुलीला, भाऊंना आणि मला बोलावून. त्याच्या मते तो कमी उकळला होता. भाऊ म्हणाले, डॉक्टरांकडे आपण सगळेच जाऊ. एकट्या साहेबांनीच का? वर्ध्याच्या डॉक्टरांनी मित्राला आणि मग मलाही काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. त्याला सगळे आठवले. मला एक आठवला नाही. परतीच्या बसमध्ये तो मला तो शब्द पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि मी शांतपणे ऐकत होतो.