टोपीखालचं भोक

मी स्टुटगार्टला पोलादावर पीएचडी करायला गेलो होतो, मेलेल्या युनियनवाल्यांच्या मिशा धुवायला नव्हे. पण साठीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, थीसिस अर्धवट टाकून, मी तेच करत बसलो. अजूनही आठवलं की चिडचिड होते.

झालं असं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पोलादाचे घासून चकचकीत केलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांचे फोटो काढत. त्यामुळे डार्करूम झकास होती आणि तिथे सगळ्यात जास्त मुक्काम माझा. शहरातल्या कामगार युनियनने एक मे रोजी, कामगार दिनाला, जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. लोकांच्या घरातले फोटो मागवायचे, त्यांच्या मोठ्या प्रती काढायच्या आणि मूळ फोटो ज्याचा त्याला परत द्यायचा. कुणीतरी आमच्या प्रोफेसरांना गाठलं. प्रोफेसर मला म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे." जर्मनीत प्रोफेसर असं म्हणाले की ती विनंती नसते. माझा पुण्याचा दोस्त तिथेच डॉक्टरेट करत होता, त्याने लगेच टोमणा मारला, "काय रे, रिसर्च सोडून स्टुडिओ काढलास वाटतं? माझाही एक पासपोर्ट साइज काढ की!"

फोटो येऊ लागले. कुणी बिस्किटांच्या डब्यातून आणले, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून. संप करून कारखान्याच्या फाटकाबाहेर बसलेली माणसं. पहिल्या महायुद्धात एकाच कारखान्यातून एकाच पलटणीत गेलेले, खंदकाच्या तोंडाशी ओळीने उभे राहिलेले जवान. तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या बायका, हात कमरेवर. निवडणुकीच्या सभेत मालगाडीच्या डब्यावर चढून ओरडणारा एक जण, मागे झेंडेच झेंडे. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, मिशा सारख्या आणि कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघायची तऱ्हाही सारखीच. आमच्याकडे गिरणीवाल्यांच्या मोर्चाचा फोटो बघितला तरी कानात घोषणा वाजतात. हे लोक संपातसुद्धा लग्नाच्या ग्रुप फोटोला उभे राहिल्यासारखे उभे! डेव्हलपरच्या तसराळ्यात एकेक मिशी वर येताना बघून माझं डोकं भणभणायला लागे.

प्रदर्शनाचा कारभार युनियनच्या एका निवृत्त सेक्रेटरीकडे होता. म्हातारा सज्जन, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! त्याचा एकच कायदा होता, फोटोला ब्रश लावायचा नाही. डाग असेल तर डाग राहील, फाटला असेल तर फाटकाच टांगायचा. "आल्झो, हे बघा, या देशात बारा वर्षं फोटोतून माणसं काढायचा आणि घालायचा धंदा चालला," तो म्हणायचा. "माझ्या भिंतीवर तो चालणार नाही."

मी तेव्हा त्सुफेनहाउझेन या उपनगरात एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. बाई कडक. आठवड्याची जिना झाडायची पाळी, तिला तिकडे केरवोखं म्हणतात, माझ्यावर आली की त्या वरून वाकून बघत आणि कोपऱ्यात राहिलेली धूळ बोटाने दाखवत. दोन वर्षांत त्यांनी मला हवा आणि धूळ सोडून तिसऱ्या विषयावर चार वाक्यंही ऐकवली नव्हती. मी युनियनचे फोटो करतोय हे कळल्यावर मात्र त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, कॉफी दिली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक फोटो माझ्यासमोर ठेवला.

कारखान्याच्या अंगणात दहा-बारा माणसं उभी होती. मागच्या रांगेत मधोमध एक टोपी होती, खाली कोटाची कॉलर होती आणि त्या दोघांच्या मध्ये भोक. अगदी सुबक, लांबट गोल भोक. भरतकामाच्या कात्रीनेच ते तसं जमतं.

"हा माझा नवरा," बाई म्हणाल्या.

तपकिरी शर्टवाले नाझी सत्तेवर आले आणि युनियनच्या कचेऱ्यांवर त्यांनी कब्जा केला, त्या दिवसांतली ही गोष्ट. नवरा खात्यातल्या कामगारांचा पुढारी. पोलीस घरोघर फोटो शोधत फिरत होते, म्हणजे कोणाला उचलायचं ते कळावं. बाईंनी दुपारी स्वयंपाकघराचं दार लावलं, चेहरा कापला आणि चुलीत टाकला. नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही. दोनच दिवसांनी त्याला कामावरूनच धरून नेलं. तो परत आला नाही. लग्नाचा फोटो पुढे बॉम्बहल्ल्यात घरासकट जळाला. तळघरात पळताना हातात जी पिशवी होती, तिच्यात हा एवढाच फोटो होता.

"त्याला कॅमेरा आवडायचा नाही," त्या म्हणाल्या. "लग्नात आणि इथे, दोनच वेळा उभा राहिला." मग टेबलावरचा न पडलेला चुरा पुसत पुढे म्हणाल्या, "मला त्याचा चेहरा आता आठवत नाही, हेर इंजिनियर. आवाज आठवतो. चेहरा नाही. या फोटोच्या प्रती त्या सगळ्यांना मिळाल्या होत्या. तुमच्याकडे एखादी आली तर मला फक्त एकदा दाखवा."

आता सांगा, याला नाही कसं म्हणणार? मी तोंड भरून हो म्हटलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी जिना चढायला लागलो की दार किलकिलं व्हायचं. "आला?" "नाही आला." दार बंद. कधीकधी वाटायचं, खिडकीतून चढून जावं! मी माझ्या परीने धावपळही केली. कारखान्याच्या ऑफिसात जाऊन कामगारांचे फोटो लावलेले जुने पास मागितले, तर जळाले म्हणाले. आम्टात, म्हणजे सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने मला बाईंचं आणि माझं नातं काय ते विचारलं. भाडेकरू म्हटल्यावर तो इतका गोड हसला की हात शिवशिवले. पुण्याचा दोस्त म्हणाला, "अरे, तुझ्या थीसिसचं भोक आधी बुजव." खरं होतं त्याचं, म्हणून जास्तच राग आला.

शेवटी मला माझ्या मामाची आठवण झाली. मामाचा कोल्हापुरात स्टुडिओ होता. आमच्याकडे माणूस गेला आणि घरात त्याचा फोटोच नसला की लोक मामाकडे येत. मामा भावाचा फोटो घ्यायचा, मुलाचे कान घ्यायचा, बायकोला विचारून विचारून नाक दुरुस्त करायचा, वर कोट चढवायचा. तेराव्याच्या आत भिंतीवर हार घालायला फोटो तयार. घरातले बघून रडत, म्हणजे फोटो जमला. यात कुणाला खोटं काही वाटत नसे. मीही सुट्टीत मामाच्या हाताखाली ब्रश चालवलेला. म्हटलं, हेच करू.

बाईंना समोर बसवलं. भोकाची मोठी प्रत काढली आणि पेन्सिल घेतली. नाक? सरळ. नाही, असं नव्हे, जरा बाकदार. भुवया? दाट. नाही हो, इतक्या नाही. मी खोडायचो, काढायचो, परत खोडायचो. तासाभराने कागदावर एक माणूस झाला. बरा दिसत होता. बाईंनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"हा खालच्या मजल्यावरचा पोस्टमन आहे," त्या म्हणाल्या.

आणि खरोखरच तो पोस्टमन होता! बिचाऱ्या रोज ज्याला बघत, त्याचाच चेहरा त्यांच्या तोंडून उतरला होता. त्यांनी कागद पालथा घातला. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या उठून भांडी घासायला लागल्या. सेक्रेटरीला हे कळलं तेव्हा त्याने मला अर्धा तास झापलं ते वेगळंच. मी एवढंच म्हटलं की आमच्याकडे याला माया म्हणतात. "आमच्याकडे याला खोटारडेपणा म्हणतात," तो म्हणाला. दोघंही तणतणत आपापल्या वाटेने गेलो.

आणि एप्रिलमध्ये तो फोटो आला.

फॉयरबाखहून एक म्हातारा ओतारी आला होता, भट्टीपाशी आयुष्य गेलेला. त्याने कागद उलगडला आणि मी अंगण ओळखलं. तेच फाटक, त्याच दोन रांगा. मागच्या रांगेत मधोमध बघितलं.

टोपी, कॉलर आणि मध्ये भोक. हे चौकोनी होतं, चाकूने कापलेलं.

मी मराठीतून एक शिवी हासडली. म्हाताऱ्याला वाटलं मला फोटो आवडला नाही. मी त्याला विचारलं, "हे तुम्ही कापलंत? तुम्ही स्वतः कुठे आहात?" त्याने पुढच्या रांगेतल्या एका पोरगेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तो चेहरा शाबूत होता.

"आम्ही ठरवलं होतं," तो म्हणाला. "कचेरी गेली त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, फाटकापाशी. प्रत्येकाने घरी जायचं आणि फोटोतून त्याला काढायचं. फक्त त्याला. शोध त्याचाच होता. आम्हाला काय, मारहाण करून सोडलं असतं."

"आणि त्याच्या बायकोला कुणी सांगितलं?"

"तिला कशाला सांगायला पाहिजे? ती करणारच, हे आम्हाला माहीत होतं."

"मग तो सापडला कसा?"

म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. "त्यांना फोटो लागलाच नाही. फोरमनने बोट दाखवलं."

नंतरच्या दोन आठवड्यांत आणखी दोन प्रती आल्या. ओताऱ्यानेच ओळखीच्या घरांतून त्या काढायला लावल्या. एकीवर चेहऱ्याच्या जागी सिगारेटने जाळलेलं होतं, दुसरीवर सुईने इतकं खरवडलेलं की खालचा पुठ्ठा दिसत होता. बाकीचे सगळे चेहरे चारही फोटोंत ठणठणीत. मी त्या चार प्रती डार्करूमच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि डोकं धरून बसलो. कसली ही शिस्त! कसली ही एकजूट! आमच्याकडे असा ठराव झाला असता तर एक जण विसरला असता, एकाला कात्री सापडली नसती, एकाने उद्या बघू म्हटलं असतं, आणि बाईंना नवरा बघायला मिळाला असता. इथे पठ्ठ्यांनी ठरलं तसं, ठरल्या दिवशी, झाडून सगळ्यांनी केलं. इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता, आणि तो नक्की कुणावर काढायचा तेही कळेना.

सेक्रेटरी मात्र हरखून गेला. गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणत त्याने चारही फोटोंच्या मोठ्या प्रती काढायला लावल्या आणि प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर एका ओळीत टांगल्या.

बाईंना मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. एक मे रोजी त्या काळा कोट घालून, कॉलरला लाल कार्नेशन लावून माझ्याबरोबर ट्रामने आल्या. हॉल भरला होता. सेक्रेटरीने भाषण केलं. कामगारांची एकी काय असते ते बघायचं असेल तर ही भिंत बघा, म्हणाला. एकानेही माघार घेतली नाही, एकानेही दगा दिला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. ओतारी रुमालाने डोळे पुसत होता. लोक येऊन बाईंचा हात हातात घेत होते आणि बाई मान डोलवत होत्या.

सगळे कॉफी आणि केककडे वळले तेव्हा त्या भिंतीजवळ गेल्या. गोल भोक, चौकोनी भोक, जळकं भोक, खरवडलेलं भोक. प्रत्येकासमोर त्या थांबल्या. मग मागे वळून पुन्हा पहिल्यापासून बघत आल्या, घरातला कोपरान्‌कोपरा धुंडाळावा तशा. मी मागे उभा होतो. सेक्रेटरी त्यांच्यासाठी केकची बशी घेऊन आला आणि म्हणाला, "तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे. सगळ्यांनी केलं."

"हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी केलं."

त्यांनी बशी घेतली, खाल्लं नाही, माझ्या हातात दिली. ट्राममध्ये त्या खिडकीशी बसल्या, कॉलरवरचं फूल काढून पर्समध्ये ठेवलं. त्सुफेनहाउझेन यायला आलं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"एवढी माणसं होती," त्या म्हणाल्या. "एकालाही विसरता आलं नाही का हो?"