दुसऱ्याचं गाऱ्हाणं

माझी आई पाठ टेकून बसलेली मला आठवत नाही. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून पाटाच्या कडेवर टेकायची. बाहेरून हाक आली की हातातला घास तोंडात कोंबून उठलीच. "अगं, नीट बस ना जरा," मी वैतागायचे. "बसलंय तर उठूक येळ लागता," ती म्हणायची. विक्रोळीच्या आमच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला एक रेक्झिनची पिशवी कायम भरून टांगलेली असे. चटई, चादर, स्टीलचं फुलपात्र, आल्याच्या वड्या आणि एक गुंडाळलेली दोरी. दोरी कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. चाळीतलं कोणी इस्पितळात गेलं की पिशवी आणि आई दोघी एकदमच बाहेर पडत.

चाळ तिला काकी म्हणायची. कोणाचं बाळंतपण, कोणाचा मोडलेला पाय, कोणाचा सासरा शेवटच्या घटका मोजतोय. काकी उशाशी हजर. भांडं द्यायची, अंग पुसायची आणि रडणाऱ्याला दम भरायची, "मरूचा आसात तर घराक जावन मर. हयसर बरा होवचा!" पेशंट हसायचा. घरी मी आणि बाबा करपलेली आमटी खायचो.

या सगळ्या माणसांची नावं संध्याकाळी आमच्या देवापुढे येत. कोकणात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, ते काम पुरुषांचं. आई ते विक्रोळीत, ओट्याशेजारच्या देव्हाऱ्यापुढे स्वतःच घालायची. "बा देवा म्हाराजा! सात नंबरातल्या शिंदे वयनीक सुखरूप मोकळी कर रे म्हाराजा!" आणि मागून मी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" दिव्याची ज्योत हलेल इतका माझा आवाज मोठा होता. मला ते फार आवडायचं. पण त्या यादीत माझं नाव कधी आलं नाही.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी आई घरात नव्हती. याच शिंदे वहिनींबरोबर आदल्या दिवसापासून इस्पितळात होती. वेणी मीच घातली, डबा मीच भरला. निघाले तर गॅलरीत एकेका दारातून दह्याची वाटी पुढे. कोणी तळव्यावर घालतंय, कोणी थेट तोंडात. जिन्यापर्यंत पोचेतो दह्यानेच पोट भरलं. परत आले तेव्हा आई आलेली होती आणि वहिनींना नुकत्याच झालेल्या मुलीसाठी गाऱ्हाणं चालू होतं.

"आणि माझा पेपर?" मी मध्येच विचारलं. "माझं कधी मागणार?"

"आपल्या पोराचा आपण मागूचा नाय गो. दुसऱ्याचा आपण मागूचा, आपला दुसरो मागता."

"कोण दुसरं? कोणाला पडलंय माझं?"

"मागतत," एवढंच म्हणून ती पुन्हा हात जोडून उभी राहिली.

मला भयंकर राग आला. त्या दिवसापासून मी "व्हय म्हाराजा" म्हणणं बंद केलं. आई गाऱ्हाणं घालून थोडी थांबायची, मागे वळायची नाही, आणि मग स्वतःच हळू आवाजात होकार द्यायची. ते थांबणं मला आजही छळतं.

बाबा गेले, मी नाहूरला आठव्या मजल्यावर आले, नवरा वेगळा झाला, मुलगा शिकायला परदेशी गेला. चाळ पाडायला घेतली तेव्हा आई पिशवीसकट माझ्याकडे आली. पहिले काही दिवस ती सगळ्या खोल्यांतून नुसती फिरायची. दार उघडून बंद दारं बघायची. "हयसर माणसा रवतत की नुसते दरवाजे?" संध्याकाळी देवापुढे उभी राहून माझ्याकडे बघायची. "कोणाचा मागू? नावच ठाऊक नाय कोणाचा." मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणायचे, "मग राहू दे ना." महिन्याभरात तिची कुरकुर थांबली. मला वाटलं, रुळली.

मग तिच्या छातीत दुखायला लागलं, तिला इस्पितळात ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. ते दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. दुपारी आई म्हणाली, "माजी पिशवी हाड गो." मी घरी आले, पिशवी खांद्याला लावली आणि दारातच अडकले. तिच्यासाठी कोण मागणार? मी तर पोटची. विक्रोळीची माणसं कुठे कुठे पांगलेली, एकाचाही नंबर माझ्याकडे नाही. समोरच्या दारावर शहा अशी पाटी होती, ती मी तीन वर्षं फक्त वाचत होते. काय बोलायचं ते न ठरवताच बेल दाबली.

एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. "अरे, वासंती! काकी कशा आहेत?"

"उद्या ऑपरेशन आहे. तुम्ही आईला ओळखता?"

"म्हणजे काय? तू ऑफिसला गेली की रोज येतात ना. शेठना लकवा मारला, माझ्या हातून खात नाहीत. काकी पेज भरवतात, दम देतात, मग खातात." हंसाबेन – हे नाव मला नंतर कळलं – हसल्या. "मी विचारलं, काकी, मी तुमच्यासाठी काय करू? तर बोलल्या, काय नको, तुमच्या देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींना रोज एक नाव सांगत जा."

"आईचं?"

"नाही रे. तुझं."

मी त्यांच्या पायपुसण्यावरच बसले. विक्रोळीच्या गॅलरीतल्या दह्याच्या वाट्या एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. माझं नाव घेऊन ही बाई जन्मभर लोकांचे उंबरठे झिजवत होती, आणि मी दह्याला चाळीची पद्धत समजत होते.

"आणखी एक नाव घ्याल?" मी विचारलं आणि आईचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं.

संध्याकाळी वॉर्डात आई कॉटवर पाय सोडून बसली होती. शेजारच्या कॉटवरच्या बाईसाठी तिने हळूच गाऱ्हाणं घातलं आणि सवयीने थांबली.

"व्हय म्हाराजा!" मी म्हणाले. नर्स धावत आली.

"आवाज मोठो आसा गो तुजो अजून," आई म्हणाली आणि उशीला पाठ टेकली.

ती घरी आली नाही. हंसाबेन रडत म्हणाल्या, "मी सांगितलं होतं गं ठाकोरजींना." मी म्हटलं, "ठाऊक आहे."

आता संध्याकाळी मी शेठसाठी मागते आणि होकारही मीच देते. मुलगा दोन-दोन दिवस फोन उचलत नाही. त्याचं नाव अगदी ओठांवर येतं, ते गिळते. मग काही केल्या बसवत नाही. चपला घालते, सातव्या मजल्यावर उतरते आणि ज्या दारावरची पाटी अजून नुसती वाचलेली आहे, त्याची बेल दाबते.