मेथीच्या वाफ्यातला बर्मा

सातवीची परीक्षा पास झाले तर अमरावतीला मास्तरीण व्हायला जायचं, नापास झाले तर उन्हाळ्यात लगीन. आबांनी एवढं सांगितलं आणि मोट जुंपली. मागणी घालणारे दोघं टपूनच होते, एक अनसिंगचे, एक जऊळक्याचे. दोघंही नात्यातले, दोघंही आडमुठे. मला त्यांचं नाव काढलं तरी तिडीक यायची.

गणित माझ्या हातचा मळ होतं. घोडं अडलं ते भूगोलात. बर्मा, सयाम, मलाया, जावा, फ्रेंचांचा मुलूख. कोण कोणाच्या शेजारी, कुठं काय पिकतं, राज्य कोणाचं, काही केल्या डोक्यात राहीना. शेवटी चिडून मी ते देश वाशीमच्या वेशीबाहेरच्या आमच्या भाजीच्या मळ्यातच मांडले. विहीर उत्तरेला. तिथं दक्षिणेकडं तोंड करून बसलं की उजव्या हाताची मेथी म्हणजे बर्मा, मधला पातीचा कांदा सयाम, डावीकडची वांगी फ्रेंचांची. खालचा मिरचीचा लांबट पट्टा मलाया, पाटापलीकडची कोथिंबीर जावा. ज्या वाफ्यात पाणी सोडायचं त्याची हकिकत मोठ्यानं म्हणायची. बर्म्याचा तांदूळ रंगूनच्या बंदरातून जहाजावर चढतो, मलायात रबर आणि कथील, जाव्यात साखर. राबणारे तिथले, नफा गोऱ्यांच्या कंपन्यांचा.

महिन्याभरात सगळं घर बिघडलं. उद्या बाजार आहे, सयाम उपटून ठेव, असं माय बिनदिक्कत म्हणायची. आबा हसायचे नाहीत. एकदा मात्र त्यांनी विचारलं, की दोन्ही अंगाला गोरे बसलेत, तर मधला सयाम सुटला कसा? मला हे सुचलंच नव्हतं. फार राग आला स्वतःचा, आणि त्या रात्री मी पुस्तकातलं सयामचं पान घोकून काढलं.

परीक्षेला आबा सोबत आले आणि शाळेच्या ओसरीवर खिडकीपाशी बसले. भिंतीवर नावं नसलेला नकाशा होता. परीक्षक म्हणाले, बर्मा दाखव. मी ठणकावून उजवीकडं बोट ठेवलं. ते फ्रेंचांच्या मुलखावर पडलं! परीक्षकांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांपुढं अनसिंग आणि जऊळका नाचू लागले. मग एकदम उमगलं. मी सवयीनं विहिरीवरून, उत्तरेकडून बघत होते, आणि भिंतीवर उजवं-डावं उलट होतं.

"साहेब, नकाशा खाली अंथरता काय?" मी म्हटलं.

ते चकित झाले, पण भला माणूस, त्यांनी अंथरला. मी उत्तरेच्या कडेला, विहिरीवर बसते तशी उकिडवी बसले आणि धडाधड देश दाखवले. पीक, बंदर, राज्य, सगळं. मग त्यांनी नेमका आबांचाच प्रश्न विचारला, सयाम स्वतंत्र कसा राहिला?

"दोन भांडखोर पाटलांच्या वावरामंधला धुरा हाय तो, मधला बांध. एकानं नांगर घातला तं दुसरा लाठी घेऊन येते. अन् तिथला राजाबी हुशार. कडंकडंचं सोडलं, पन मधलं राखलं," मी सांगितलं.

परीक्षक खो खो हसले. मी पास झाले, आणि भूगोलात पहिली! मळ्यावर परतताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

संध्याकाळी दोन्हीकडचे पाहुणे एकदमच उतरले, निकाल ऐकून चुळबुळत बसले. आबांनी त्यांना चहा पाजला, पान दिलं आणि शांतपणे सांगितलं, "आमची पोरगी सयाम हाय. कोनीच नांगर आनाचा नाही."

पाहुण्यांना काही कळलं नाही. माय चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी ट्रंक भरायला घेतली.