धडधड मिस्त्रींनी स्पीकर कुठे बसवला

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, गाड्यांमध्ये आणि बोटींमध्ये गाण्याची यंत्रं बसवतात. सगळे त्यांना धडधड मिस्त्री म्हणतात. दाजींचं म्हणणं असं, की गाणं कानानं कुणीही ऐकतो, ते छातीत धडधडलं पाहिजे. काम संपलं की ते डोळे मिटतात, तळहात फळीवर ठेवतात आणि डॉक्टरनं नाडी बघावी तसे कितीतरी वेळ बसून राहतात. मग म्हणतात, "झालं. आता हिच्यात जीव आला."

माणूस कामाचा, यात वाद नाही. वायर अशी ओढतील की शोधून सापडायची नाही. भोक पाडलं की त्याची कड पॉलिश पेपरनं घासतील, सिलिकॉन भरतील, वरून बोट फिरवून बघतील. पण चूक कबूल करायची म्हटलं की संपलं! भाजीत मीठ यांनीच दोनदा टाकलं तरी दोष मिठाचा. ताईनं लग्नानंतर वर्षभर वाद घातला, मग सोडून दिलं. "पालथ्या घड्यावर पाणी," म्हणते ती.

दाजी ज्या बोटींच्या यार्डात काम करतात, त्याच यार्डात माझं शिलाई मशीन आहे. मी बोटींच्या गाद्या आणि कव्हरं शिवते. आणि आमचे हे बोट चालवायचे. हौशी लोकांची पांढरी फायबरची बोट, सुट्टीच्या दिवशी मालक आणि त्याचे पाहुणे घेऊन समोरच्या बेटापर्यंत जायचं आणि परत यायचं. गादी माझी, गाणं दाजींचं, सुकाणू ह्यांचं. घरचीच बोट म्हणा ना, फक्त मालक दुसरा!

मालकाला गाण्याचं भारी वेड. पहिले दोन स्पीकर त्याला मिळमिळीत वाटायला लागले आणि एक दिवस तो भलामोठा सबवूफर घेऊन आला. दोन हातांनी उचलावा लागे एवढा जड. मागच्या बाजूला एवढं मोठं चुंबक. "मिस्त्री, हा असा बसवा की अंगात शिरला पाहिजे," म्हणाला.

आता बोटीत असली वस्तू बसवणं म्हणजे गाडीत बसवण्याइतकं सोपं नाही. गाडीत डिकी असते, कोरडी ठणठणीत. बोटीत जिथं बघाल तिथं पाणी. मागच्या कप्प्यात दोर आणि ओले टायर, पुढच्यात नांगराची साखळी, बाकांखाली तर मी स्वतः दरवेळी बुरशी पुसते. दाजी दोन दिवस बोटीत रांगत होते, बॅटरी घेऊन प्रत्येक कोपऱ्यात डोकं घालत होते. शेवटी त्यांना जागा सापडली. सुकाणूच्या चाकाखालचा कप्पा. कोरडा, लाकडी, वायरही आखूड लागणार. त्या आनंदात त्यांनी मला शिलाईवरून उठवून नेलं. "बघ, पाण्याचा थेंब येणार नाही. या बोटीत अशी एकच जागा आहे, आणि ती मी शोधली!"

त्या कप्प्याच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर, होकायंत्र होतं. ते तिथंच असायचं, बोट बांधली तेव्हापासून. गाडीत होकायंत्र नसतं. दाजींनी आयुष्यभर गाड्या केल्या, बोटी अलीकडच्या. त्यांनी पाणी पाहिलं, वायर पाहिली, आवाज पाहिला. चुंबकाच्या डोक्यावर काय आहे ते नाही पाहिलं. मीही नाही पाहिलं, मालकानंही नाही, आणि आमच्या ह्यांनीही नाही. स्वच्छ हवेच्या दिवशी हे होकायंत्राकडे ढुंकूनही बघत नसत. समोर बेट दिसतंय तर काटा कशाला बघायचा?

समोर नकाशाची स्क्रीन होती. ती मालकानं काढायला लावली, गाण्याचं नवं पॅनेल बसवायला जागा हवी म्हणून. "दरवेळी त्याच बेटावर जातो, नकाशा काय चाटायचाय?" हौसेला मोल नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी बोट बेटावरून परत निघाली आणि धुकं उतरलं. बघता बघता बोटीचं टोक दिसेनासं झालं. मालकानं गाणं बंद केलं. पाहुण्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हे मात्र शांत होते. पंधरा वर्षं काढलेला माणूस. त्यांनी वेग कमी केला, काट्यावर नजर लावली आणि घराकडची दिशा धरली. पाहुण्यांत मालकाची भाची होती, कॉलेजात जाणारी. ती मोबाइल घेऊन ह्यांच्याजवळ आली. "काका, आपण उलटं चाललोय. हे बघा, खडकांकडे."

ह्यांनी काटा पाहिला. काटा म्हणत होता, बरोबर चाललंय. "बाळा, धुक्यात मोबाइल गोंधळतो. काटा कधी खोटं बोलत नाही. जा, बस," असं म्हणाले आणि चाक तसंच धरून ठेवलं.

बोट खडकावर चढली. वेग कमी होता म्हणून माणसं वाचली. मालक गुडघ्यावर पडला, एक पाहुणा पाण्यात गेला, त्याला ओढून काढलं. आणि त्या मुलीचं मनगट मोडलं. दुसऱ्या बोटी येईपर्यंत ती हात पोटाशी धरून बसली होती. एकदाही म्हणाली नाही, की मी सांगितलं होतं. तेच ह्यांना सगळ्यात जास्त लागलं.

मालकानं ह्यांना कामावरून काढलं. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, नुसतं म्हणाला, "तुम्ही आता विश्रांती घ्या." त्याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोट ओढून यार्डात आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे तिथं गेले. काटा बघायला. आमच्या यार्डातून दीपस्तंभ बरोबर पश्चिमेला आहे, हे त्यांना झोपेतही ठाऊक. काट्यानं पश्चिम अगदी बरोबर दाखवली. घरी आले ते पांढरेफटक होऊन. "काटा शहाणा आहे. मीच वाचायला चुकलो," म्हणाले.

आणि तिथून माझ्या नवऱ्याचं घसरायला लागलं. माझे सासरे म्हातारपणी सगळं विसरले होते. स्वतःच्या बायकोला ताई म्हणायचे. ह्यांनी मनाशी घेतलं, आपलंही सुरू झालं. एका गोदामात राखणदारी धरली, तिथं कुलूप लावलं की चारदा ओढून बघायचे आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचे. बसचा नंबर मला वाचायला लावायचे. बाजारात गेले की हिशेब चुकेल म्हणून दुकानदारापुढे सगळे पैसे तळहातावर धरायचे, घे तुला काय घ्यायचं ते. मला रडू यायचं आणि रागही यायचा. "अहो, एकदा चुकलात, जग बुडालं का?" असं म्हटलं की म्हणायचे, "पुढचं तुला माहीत नाही. मी पाहिलंय माझ्या बापाचं." डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, झोप घ्या. ह्यांना वाटलं, डॉक्टर आपल्याला सांभाळून घेताहेत.

सगळा हिवाळा असा गेला. या काळात दाजी आमच्याकडे यायचे, ताईला घेऊन. इतर वेळी तोंडाला कुलूप नसणारा माणूस, पण आमच्याकडे बसला की तोंडात मिठाची गुळणी. मला वाटायचं, ह्यांचं दुःख बघवत नसेल. किती भोळी मी!

मग उन्हाळ्याच्या तोंडाला यार्डात एक नवीन बोट आली. गाद्या माझ्याकडे, सबवूफर दाजींकडे. मी बाकाचं माप घेत होते. दाजींनी खिशातून बोटभर उंचीचं छोटं होकायंत्र काढलं. ते धरून ते एकेका जागी बसायचे, मग सबवूफर जवळ आणायचे, लांब न्यायचे, काट्याकडे बघायचे. बोटीचा मालक म्हणत होता, चाकाखाली बसवा की, जागा आहे. दाजी म्हणाले, "तिथं नाही बसणार."

"का नाही बसणार? मोकळाच तर आहे कप्पा."

"नाही म्हटलं ना! मागे बसेल नाहीतर दुसरा मिस्त्री बघा."

मालक चिडून चहा प्यायला गेला. दाजी सबवूफर बाकावर ठेवून पाना आणायला खाली उतरले. माझी टाचण्यांची डबी उघडी होती. मी ती सरकवली आणि एकदम खळकन सगळ्या टाचण्या उडून त्या चुंबकाला चिकटल्या. मी एकेक सोडवायला लागले, आणि सोडवता सोडवता माझा हात थांबला.

दाजी वर आले. मी विचारलं, "दाजी, हे होकायंत्र तुम्ही कधी घेतलंत?"

"घेतलं असंच. कामाला लागतं."

"मागच्या बोटीत लागलं नाही?"

त्यांनी पाना खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. मी म्हटलं, "खरं सांगा. ताईची शपथ."

मग सांगितलं. मागची बोट यार्डात आणली, तिचा मालक म्हणाला पाणी शिरलंय, सबवूफर काढून वाळवा. दाजींनी चार स्क्रू सोडले, दोन हातांनी तो बाहेर ओढला, आणि वरचा काटा डोळ्यांसमोर गर्रकन फिरला. त्यांनी परत आत ढकलला, काटा परत फिरला. चार-पाच वेळा केलं म्हणे. मग सबवूफर गोणत्यात गुंडाळून ते बाहेर आले, आणि तासाभरात आमचे हे काटा बघायला आले, काट्यापाशी चुंबक नसताना. दाजी तिथंच उभे होते. गोणतं पायाशी.

मी म्हटलं, "आज संध्याकाळी घरी या. नाही आलात तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर तुम्हाला ते आवडणार नाही."

ताईचा फोन आला मध्येच. दाजींनी तिला कळवलं असणार. "अगं, ह्यांचं नाव जाईल. बोटवाला एकही येणार नाही दारात." मी म्हटलं, "ताई, तुझ्या नवऱ्याचं नाव जाईल, माझ्या नवऱ्याचं डोकं जायला लागलंय." आणि मी फोन ठेवला.

दाजी आले. ऊन अजून खिडकीत होतं. हे जमिनीवर बसून लसूण सोलत होते, सोललेल्या पाकळ्या परत परत निवडत होते. दाजींनी पिशवीतून मागच्या बोटीतला तो सबवूफर काढून मध्ये ठेवला. शेजारी ते छोटं होकायंत्र. होकायंत्र जवळ सरकवलं, लांब सरकवलं. काटा गेला, आला.

हे बघत राहिले. मग स्वतः हातात घेतलं. जवळ, लांब. जवळ, लांब. लहान मूल नवीन खेळण्याशी करतं तसं किती वेळा केलं, मी मोजलं नाही.

"चाकाखाली," हे म्हणाले.

"चाकाखाली," दाजी म्हणाले. "चूक माझी, साडूभाऊ. माझी." माझ्या उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

"तुम्हाला कधी कळलं?" ह्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. काढताना."

ह्यांनी होकायंत्र खाली ठेवलं. "म्हणजे मी आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला विचारलं होतं, साडूभाऊ, माझं डोकं फिरायला लागलंय का हो? आठवतं तुम्ही काय म्हणालात?"

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. हेही बोलले नव्हते, इतके दिवस. दाजींनी मान खाली घातली.

"तुम्ही म्हणालात, वयानं होतं असं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात."

दाजी रडायला लागले. मोठा माणूस रडतो तेव्हा बघणाऱ्यालाच लाज वाटते, पण मला वाटली नाही. मला वाटलं, रडा. जरा उशिराच रडताय.

हे उठले. "बसा, चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. मी मागोमाग गेले, म्हटलं हे रागात काहीतरी करतील. तर हे ओट्याला दोन्ही हात टेकून उभे. खांदे गदगदा हलत होते. मी जवळ गेले तर हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझा हात धरून म्हणाले, "अगं, मी शाबूत आहे! ऐकलंस ना? मी शाबूत आहे गं!"

"मला ठाऊकच होतं," मी म्हटलं. पण खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. मीही हल्ली त्यांच्या मागे कुलूप बघायला लागले होते.

मी बाहेर आले तेव्हा दाजी दारात बसून चपला घालत होते. आतलं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं, घर एवढंसंच आहे. माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या त्या मालकाकडे जातो. त्या मुलीलाही सांगतो, ती बरोबर होती."

"जा," मी म्हटलं. "चूक कुणाचीही होते, दाजी. ती मी केव्हाच विसरेन. पण तुम्ही माझ्या नवऱ्याला वेडा होताना बघत माझ्या घरी चहा प्यायलात."

आतून ह्यांची हाक आली, "साडूभाऊ, साखर किती?" दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी दार उघडं धरलं, आणि ते बाहेर पडले.