सोळा घरांत न मावलेली नावं

पेडगावच्या उमाजी मेंढक्याचा थोरला पोरगा हरिओम परभणीत नेमकं काय काम करतो, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. उमाजी म्हणायचा, "कंपनीत हाय." नर्मदाबाई, हरिओमची माय, जरा पुढं जाऊन सांगायची, "कॉम्प्युटरवर नावं कापायचं आन जोडायचं काम हाय त्याला." ऐकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नावं काय कापतो, ती काय भेंडी हाय? हरिओमला मात्र मायचं हे उत्तर त्याच्या नेमणूकपत्रापेक्षा खरं वाटायचं.

हरिओम जन्मला तोच रानात. दिवाळी झाली की उमाजीचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघायचं, ते पाऊस पडायच्या बेताला परत यायचं. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याच्या बांधाला कापडी पाल पडे, जाळीची वाघर गोल ताणली जाई आणि आत शंभरेक जीव एकमेकांना टेकून बसत. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत हरिओमनं हिवाळा असाच काढला. मग कुणीतरी उमाजीला शहाणपण सांगितलं आणि पोराला आश्रमशाळेत घातलं. तिथून परभणीला डिप्लोमा, पुढं पुण्यात चार वर्षं नोकरी. पुण्यात त्याचं वाईट काही चाललं नव्हतं. पण डिसेंबर लागला की त्याला खोलीत बसवत नसे. उगाच उठून गॅलरीत जायचा आणि खालच्या गाड्यांकडं बघत उभा राहायचा. परभणीत एक बारकी कंपनी माणसं घ्यायलीय असं कळलं, तसा तो पगाराचं काहीही न विचारता परत आला. पेडगावातून मोटारसायकलवर रोज जाऊन-येऊन नोकरी करू लागला.

कंपनी वसमत रोडला, एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर. माणसं बारा. मेंढ्या-शेळ्यांच्या कानात जे बिल्ले असतात ते वाचणारं यंत्र तिथं बनायचं. हातात मावेल एवढं. बिल्ल्याजवळ धरलं की बारक्या पडद्यावर जनावराचा नंबर, नाव आणि लस कधी टोचली ते दिसे. रानात नेट नसतं, म्हणून ज्याला यंत्र द्यायचं त्याच्या कळपाची यादी यंत्राच्या प्रोग्राममध्ये आधीच भरून ठेवावी लागे. प्रोग्रामचे सगळे तुकडे गोळा करून यंत्रात घालण्याजोगा एक गठ्ठा बांधतात, त्याच्या सूचनांना बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. ती हरिओमच्या अंगावर होती. सीमेक नावाच्या भाषेत ती लिहायची. या भाषेला आकडा काय अन् नाव काय, सगळी अक्षरांचीच माळ. माळ मोज, माळ तोड, एक मणी काढून दुसरा घाल, कडेची मोकळी जागा झाडून टाक, असल्या आज्ञा. गावोगावच्या याद्या यायच्या त्या कुणी कशाही लिहिलेल्या. हरिओमची स्क्रिप्ट त्यांना सरळ करी आणि यंत्रात बसवी.

चार वर्षांमागं, माघात, पिंगळीला पहिलं शिबिर झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी एका मेंढीच्या कानाला यंत्र लावलं आणि मोठ्यानं वाचलं, "काळतो... पुढं चौकोन हाय. ही कोण काळतो?"

जमलेले मेंढके खो खो हसले. मेंढीचं नाव काळतोंडी. हरिओमचे कान तापले. तो तसाच ऑफिसात आला आणि स्क्रिप्ट उघडून बसला.

खोट लगेच सापडली. पडद्यावर नावाला जागा सोळा घरांची. इंग्रजीचं एक अक्षर एका घरात बसतं. मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन घरं अडवतं, आणि काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. 'काळतो' पंधरा घरांत बसलं. उरलेल्या एका घरात स्क्रिप्टनं अनुस्वाराचा तिसरा हिस्सा कोंबला. त्याचा चौकोन झाला. मग हरिओमनं तीन-तीन घरं मोजून कापायला लावलं, तर 'ठिपक्याची'चं 'ठिपक्' झालं, शेवटचं अक्षर पाय मोडून लटकलेलं. म्हणजे कापल्यावर शेवटी काय उरलं ते बघायचं, पाय मोडका असला की आणखी मागं सरायचं, आणि शक्य तर नाव अर्थाच्या ठिकाणी तोडायचं. हे तपासून बघायला खरी नावं पाहिजेत. पुष्कळ पाहिजेत.

त्यानं उमाजीला फोन लावला. उमाजी तेव्हा गोदेच्या अलीकडं होता.

"आबा, आपल्या मेंढरांची नावं सांगता का?"

"का? कुणी इचारलं?"

"मलाच पाहिजेत. कामाला."

उमाजीनं आधी लांब गेलेल्या मेंढरांना हाक दिली. मग म्हणाला, "दुपारचं लाव. मेंढरं सावलीला बसली म्हंजी सांगतो. बघून सांगावं लागतंय, असं तोंडपाठ न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाल्यावर हरिओम जिन्यात जाऊन बसला. मांडीवर वही. उमाजी एकेका मेंढीकडं बघत सांगू लागला. "लांबकानी. बांडी. बांडीची थोरली. मोरी. चांदी, ती गाभण हाय बरं का, लिही. मुंडी. ठिपक्याची. ही... हिला तुझी माय सवत म्हणती, ते लिहू नको."

"लिहितो की."

"न्हाई रं. सायब लोक वाचतेत."

असं आठ दिवस चाललं. एका दिवसात संपलं असतं. पण उमाजी एका मेंढीवर आला की तिची आई कोण, तिला कोल्ह्यानं कुठं धरलं होतं, तिनं कोणत्या मालकाची तूर खाल्ली, हे सगळं सांगायचा. बाप एवढा बोलतो हे हरिओमला एकतिसाव्या वर्षी कळलं. नावं संपल्यावर उमाजीला फोन बंद करायचं भान राहत नसे. फोन तसाच पैरणीच्या खिशात जाई. हरिओम जिन्यात बसून ऐकत राही. रवंथाचा आवाज, घोड्याच्या गळ्यातली घंटी, बापाचं टिर्र टिर्र. सुट्टी संपून कुणी हाक मारी तेव्हा तो उठे.

यादी झाली त्रेचाळीस नावांची. स्क्रिप्टमधून काढली तर चव्वेचाळीस निघाली. हरिओमनं तीनदा मोजलं. मग ध्यानात आलं की 'चांदी' लिहून त्यानं पुढं अर्धविराम दिला होता आणि 'गाभण' लिहिलं होतं. या भाषेत अर्धविराम दिसला की माळ तिथं तुटते. स्क्रिप्टनं गाभण नावाची एक नवी मेंढी जन्माला घातली होती.

त्यानं बापाला सांगितलं. उमाजी एवढा हसला की त्याला ठसका लागला. "बरी हाय की रं तुझी मशीन! महिन्याभरानं व्यायची ती आजच व्याली!"

ती एकसष्ट ओळींची स्क्रिप्ट हरिओमनं आयुष्यात लिहिलेली सगळ्यात चांगली. पुढं कुणीही तिच्यात काही बदललं की आधी तीच त्रेचाळीस नावं तिच्यातून जायची आणि पडद्यावर हिरवी ओळ उमटायची, त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस बरोबर. मगच पुढचं काम.

दोन वर्षं अशीच गेली. मग उमाजीच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चालणं बंद. त्या दिवाळीला घोडं निघालंच नाही. अर्धी मेंढरं बाजारात गेली, अर्धी हरिओमचा चुलत भाऊ नागनाथ घेऊन गेला. वाघर गुंडाळून आढ्याला टांगली. उमाजी ओट्यावर बसू लागला. बोलणं कमी झालं. जिन्यातल्या त्या आठ दुपारी हरिओमला वाटलं होतं की आता आपल्याला बापाशी बोलायची वाट सापडली. ती वाट मेंढरांतून जात होती. आता बापलेक समोरासमोर बसून जेवत आणि आमटीत मीठ बरोबर आहे एवढं बोलून उठत.

ऑफिसात मात्र रोज सकाळी हिरवी ओळ उमटायची. बाजारात गेलेल्या मेंढ्यासुद्धा तिच्यात हजर असत. हरिओम कधी कधी काही बदल नसतानाही ती तपासणी लावायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात दीपिका नावाची एक मुलगी कंपनीत लागली. सेलूकडची, हुशार, कामाला चटचटीत. एके दिवशी ती त्याच्या टेबलापाशी आली.

"सर, नव्या आवृत्तीत नाव काढून टाकायचंय. नुसता नंबर. मालकांनी सांगितलंय. लोकच म्हणायलेत, नाव अर्धंच दिसतं तर कशाला पाहिजे."

"हां."

"मग नाव कापायचं जे लिहिलंय ते सगळं उडवते. आणि तपासणीची यादी पण. तुम्ही फक्त मंजुरी द्या."

हरिओमनं तिचा बदल उघडला. पडद्यावर एकसष्ट ओळी खोडल्याच्या खुणेनं लाल झालेल्या. खाली त्रेचाळीस नावं, तीही लाल. लांबकानी, बांडी, बांडीची थोरली. दीपिकाचं काम नेटकं होतं. खोट काढायला जागा नव्हती.

"कुणाची नावं आहेत ही, सर? गंमतशीर आहेत."

"आमच्या मेंढ्यांची."

दीपिकानं ती नावं पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाली, "यादी राहू द्यायची का? तिचं काही ओझं नाही."

हरिओमनं विचार केला. यादी राहिली असती. पण तिला विचारणारं काहीच मागं उरणार नव्हतं. कुणी वाचणार नाही अशा कोपऱ्यात ती पडून राहिली असती. "नको," तो म्हणाला, "काम बरोबर आहे तुमचं." आणि त्यानं मंजुरी दिली. त्या दुपारी तो जेवला नाही. जिन्यात जाऊन बसला आणि फोन हातात घेऊन तसाच ठेवून दिला. बाप तर घरीच होता, ओट्यावर. त्याला फोन करून काय विचारायचं?

नवी आवृत्ती यंत्रांत गेली, त्यानंतरच्या रविवारी त्यानं बापाला मोटारसायकलवर मागं बसवलं. नागनाथचं बिऱ्हाड तेव्हा पिंगळीच्या शिवारात, स्टेशनच्या पलीकडं उतरलं होतं. उमाजी वाटेभर दोन्ही बाजूंची रानं बघत होता. बिऱ्हाडापाशी उतरला, काठी टेकत मेंढरांत शिरला आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवत चालला. उमाजीच्या कळपातही एक काळतोंडी होती, ती अजून होती. तिनं त्याचा हात हुंगला. हरिओमनं तिला बापासारखी टिर्र करून हाक दिली, तर तिनं मान वर केली नाही. कुत्रं मात्र त्याच्यावरच भुंकत आलं.

"ह्या तांबड्या पाटीचं नाव काय ठिवलं?" उमाजीनं विचारलं. पाटी म्हणजे न व्यालेली मेंढी.

नागनाथनं कमरेचं यंत्र काढलं आणि तिच्या कानाला लावलं. "काका, नंबरात शेवटचं तीनशे अकरा. आता नावं कशाला? हरिओमच्या कंपनीचंच हाय की हे. लय बेस चालतंय."

उमाजीनं हरिओमकडं पाहिलं. रागानं नाही. काहीतरी विचारायचं आहे आणि शब्द सापडत नाही, असं. मग तो पाटीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. नागनाथच्या बायकोनं चहा दिला. उमाजीनं जनावरांची, चाऱ्याची, खुरांची चौकशी केली आणि उन्हं कलायच्या आत निघू म्हणाला.

घरी उतरताना त्यानं लेकाच्या खांद्याचा आधार घेतला. "चांगली ठिवलीत नागनाथनं. अंगानं भरलीत." मग ओट्यावर टेकल्यावर म्हणाला, "पुन्ना न्हेऊ नको मला तिकडं."

"बरं, आबा."

त्यानं बापाला पुन्हा नेलं नाही. पण पुढच्या रविवारी टायरचं काम काढून तो एकटाच गेला. त्यापुढच्याही. नागनाथ त्याला काही विचारत नाही. वाघर सोडवायला लावतो, कोकरं धरायला लावतो. कुत्रं आता भुंकत नाही. हरिओमला मेंढरं अजून ओळखत नाहीत, आणि त्यालाही तीस-चाळिसांतून दोन-तीनच वेगळ्या काढता येतात. तांबड्या पाटीला तो मनातल्या मनात एका नावानं हाक मारतो. ते किती घरांत बसेल हे त्यानं मोजलेलं नाही.

संध्याकाळी तो घरी येतो. नर्मदाबाई मेंढरांचा वास लागलेला त्याचा सदरा इतर कपड्यांपासून बाजूला काढून वेगळा भिजवते. उमाजी ओट्यावरून त्याला आत जाऊ देतो. हातपाय धुऊन तो बाहेर येऊन बसला की बाप रस्त्याकडं बघतच विचारतो,

"पिंगळीकडं चारा हाय का अजून?"

"हाय, आबा. कॅनालच्या कडंनं हाय."

"बरं हाय मग," उमाजी म्हणतो, आणि लेकाला बसायला जागा करत जरा सरकतो.