बिनतेलाचं पेडल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्तीचं एक अरुंद दुकान आहे. दुकानाचा मालक सातवीत माझा विद्यार्थी होता. बाकावर बोटांनी ताल धरायची त्याला खोड. एकदा वैतागून मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तर तो बाहेरून दारावर वाजवत राहिला. तेव्हापासून त्याचं नाव ठेकेदार पडलं. आता तो चौपन्न वर्षांचा आहे. चष्मा कपाळावर चढवून मशीनच्या पोटात डोकं घालतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, "बाई, शटल कोरडं पडलंय. तेल कधी घातलं होतं?" मी दर वेळी खोटं सांगते आणि तो दर वेळी ओळखतो.

स्वभावाने गरीब माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एका माणसाचा विषय निघाला की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. त्या माणसाला तो चिकणा म्हणतो.

ठेकेदार बावीस वर्षांचा असताना त्याचा आणि त्याच्या मित्रांचा रॉक बँड होता. गिटार वाजवून गाणारा मुलगाही माझ्याच वर्गातला. ठेकेदार ड्रमवर. त्यांच्या एकुलत्या एक कॅसेटमध्ये आठ गाणी होती आणि ती चार दिवसांत रेकॉर्ड झाली. पहिल्या दोन दिवसांत पाच झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी गिटारवाला म्हणाला, "शेवटच्या गाण्यात तुझा ठेका लंगडतोय." ठेकेदार म्हणाला, "मग दुसरा बघा," आणि ड्रम तिथेच टाकून घरी आला. इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळपर्यंत वडिलांच्या दुकानात बसून राहिला, कारण हे लोक समजूत काढायला येणार याची त्याला खात्री होती. कुणी आलं नाही. त्यांनी खरोखरच दुसरा बघितला.

तो दुसरा म्हणजे चिकणा. उंच, कुरळ्या केसांचा. चौथ्या दिवशी आला, राहिलेली गाणी वाजवली, आणि कॅसेटवरच्या फोटोत मधोमध उभा राहिला. आत बारीक अक्षरात छापलं होतं, ड्रम्स, आणि पुढे एकट्या चिकण्याचं नाव. शेवटचं गाणं गाजलं. लग्नात वाजलं, कॉलेजात वाजलं, चहाच्या दुकानात लागलं की ठेकेदार अर्धा कप तसाच ठेवून उठायचा.

"बाई, ते गाणं मी वाजवलंय," तो मला कितीदा तरी म्हणाला असेल. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाच झाल्यावर तेही घेतलं होतं. तो ठेका मी या टेबलावर बसवला होता, या बोटांनी. खाल्लं कुणी आणि ढेकर कुणाला."

यंदा गिटारवाला अचानक दुकानात आला. डोक्यावर केस उरले नव्हते, काखेत लॅपटॉप होता. मी मशीन घेऊन तिथेच बसले होते. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि ठेकेदाराला म्हणाला, "ओळखलंस का?"

"केस असते तर लवकर ओळखलं असतं," ठेकेदार म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं.

कॅसेट रिमास्टर होणार होती. जुनं रेकॉर्डिंग काढून, त्यावरची धूळ झटकून, एकेक वाद्य पुन्हा स्वच्छ ऐकू येईल असं करायचं. सोबत बँडच्या इतिहासाची पुस्तिका. कोणत्या गाण्यावर कुणी वाजवलं हे या वेळी नीट छापायचं होतं आणि ते कुणालाच धड आठवत नव्हतं.

"शेवटच्या गाण्यात एक आवाज आलाय," गिटारवाला म्हणाला. "कॅसेटवर कधी ऐकूच आला नव्हता. स्टुडिओतल्या बाई विचारतायत, काढायचा का ठेवायचा?"

त्याने हेडफोन दिले. ठेकेदाराने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा उजवा पाय फरशीवर पडायला लागला.

"माझं पेडल," तो म्हणाला. "मोठ्या ड्रमचं. जुन्या बाजारातून आणलं होतं, बिजागरी किरकिरायची. हा माझा पाय आहे."

"नक्की?"

"अरे, स्वतःच्या घराचं दार कुणाला ओळखू येत नाही?"

गिटारवाल्याने वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "मग हे गाणं तुझ्या नावावर. चुकलंच आमचं. सोमवारी पुस्तिका छापायला जाते." आठही गाणी तो ठेकेदाराच्या फोनवर टाकून गेला.

चार दिवस ठेकेदार गल्लीभर तरंगत होता. "चिकण्याचं तोंड बघायला मिळायला हवं," असं मला दोनदा आणि दूधवाल्याला एकदा म्हणाला. रविवारी दुपारी मी मशीन न्यायला गेले, तर त्याने मला पहिल्यापासून गाणी ऐकवायला बसवलं. त्याची बायको शेजारी काज करत होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं.

"अहो," ती सुई ओवता ओवता म्हणाली, "ती किरकिर कुठाय?"

"ती शेवटच्या गाण्यात आहे."

"पेडल तेच ना? मग यात का नाही?"

"यात नाही, कारण मी रोज सकाळी..." तो म्हणाला आणि थांबला.

तेलाची कुपी त्याच्या हाताशीच होती. त्याने ती उचलली आणि पुन्हा ठेवली. हा मुलगा सातवीत असल्यापासून कंपासपेटीच्या बिजागरीत तेल घालायचा. ड्रमवर बसण्याआधी पेडलला तेल न घालणं त्याच्या हातून होणं शक्यच नव्हतं. आम्ही उरलेली गाणीही ऐकली. त्याने वाजवलेली पाचही गाणी लोण्यासारखी होती. किरकिर सहाव्यापासून अगदी बारीक सुरू झाली होती. तो निघून गेल्यावर दोन दिवस पेडलकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि शेवटच्या गाण्यात ते पार कोरडं पडलं होतं.

"मला आठवतंय हो, बाई," तो म्हणाला. "मी वाजवत होतो."

"तालमीत वाजवलं असशील. शंभर वेळा."

"शंभर नाही, हजार."

बायकोने काज सोडून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणारे?" हे तिने इतक्या सहज विचारलं की ती सुचवत होती का पारखत होती, ते मला कळलं नाही.

"चिकण्याला कळेल," ठेकेदार म्हणाला. "तो मनात हसेल. मग माझं काय राहिलं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. कॉपी करताना पकडलेल्या मुलाकडे सुद्धा मी इतका वेळ रोखून पाहिलं नसेल. शेवटी त्याने फोन लावला.

"अरे, मी बोलतोय. शेवटचं गाणं त्यानंच वाजवलंय. हो, चिकण्यानं. माझी पाच. नाही, नक्की. पेडल माझं, पाय त्याचा." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. मग ठेकेदार ताठ झाला. "आणि हे बघ, किरकिर काढायची नाही. स्टुडिओतल्या बाईंना सांग, एक कण सुद्धा काढू नका. मी आयुष्यभर लोकांच्या मशीनची किरकिर काढतोय, ही राहू दे. जगाला कळू दे, त्या माणसाला पेडलला तेल घालायची अक्कल नव्हती."

बायको पदरात तोंड लपवून हसली. मीही हसले. तो मात्र हसला नाही.

पुस्तिका आली. त्यात पाच गाण्यांपुढे त्याचं नाव आहे, बारीक पण स्वच्छ. त्याने ते पान मला दाखवलं, नंतर त्याच पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. रिमास्टरबद्दल लिहिणाऱ्या कुणीतरी शेवटच्या गाण्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. ती कोरडी किरकिर म्हणजे गाण्याचा श्वासच आहे, ती नसती तर गाणं इतकं जिवंत वाटलं नसतं. खाली चिकण्याचा फोटो. केस अजून कुरळे, नुसते पांढरे झालेले. त्याला विचारलं होतं, हा आवाज कसा सुचला? त्याने उत्तर दिलं होतं, "तो मुद्दाम ठेवला होता."

"मुद्दाम," ठेकेदार म्हणाला. कात्रणाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "बाई, मुद्दाम म्हणे."

मग त्याने माझं मशीन जवळ ओढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या भोकांतून इतकं तेल सोडलं की पुढे आठवडाभर माझ्या प्रत्येक शिलाईला डाग पडत होते.